मॅनिफोल्ड खोऱ्यातील पायवाट : बंद पडलेला लोहमार्ग, परित्यक्त खाणी आणि बार्शीशी असलेले नाते

प्रस्तावना

ग्रामीण भागातील पदभ्रमण म्हटले की डोंगर, नदी, देवराई, किल्ला अशी ठिकाणे सहज डोळ्यांसमोर येतात. उद्योगधंद्यांचे अवशेष पाहण्यासाठी कोणी रानोमाळ हिंडेल, ही कल्पना आपल्याकडे अद्याप रुळलेली नाही. इंग्लंडमध्ये मात्र बंद पडलेल्या रेल्वेच्या भरावावरून चालणे आणि वाटेतील जुन्या खाणींची तोंडे, यंत्रघरे, टाकाऊ दगडमातीचे ढीग पाहत जाणे हा पदभ्रमणाचा एक प्रस्थापित प्रकार आहे. औद्योगिक क्रांती ज्या देशात प्रथम झाली, त्याच देशात तिचे अवशेषही प्रथम साचले, हे त्यामागील उघड कारण होय. परंतु केवळ अवशेष असून भागत नाही. त्यांच्यापर्यंत जाण्याचा हक्क, त्यांची नोंद आणि त्यांची जमीन अखंड राहणे, या तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. त्या कशा जुळतात, हे समजून घेण्यासाठी प्रस्तुत लेखात स्टॅफर्डशर परगण्यातील मॅनिफोल्ड नदीचे खोरे निवडले आहे. या निवडीला आणखी एक कारण आहे. या खोऱ्यातील रेल्वे ज्या अभियंत्याने बांधली, त्याने तिचा आराखडा सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे आधी सिद्ध केला होता.

बार्शी लाईट ते लीक अँड मॅनिफोल्ड

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुख्य लोहमार्गापासून दूर राहिलेल्या बाजारपेठांना स्वस्तात रेल्वे कशी देता येईल, हा त्याच्या चिंतनाचा विषय होता. बार्शी ही कापूस व धान्याची मोठी पेठ, पण मुंबईकडे जाणारा मार्ग कुर्डुवाडीवरून गेलेला. कुर्डुवाडीच्या स्थानकाला त्या काळी ‘बार्शी रोड’ असेच नाव होते. कॅलथ्रॉपने १८९५ मध्ये कंपनी स्थापन केली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा सुमारे ३५ किलोमीटरचा, अडीच फूट रुंदीचा मार्ग सुरू झाला. पुढे तो एका बाजूस लातूरपर्यंत (१९११) व दुसऱ्या बाजूस पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत (१९२७) वाढला. आषाढी-कार्तिकीच्या वारीला या छोट्या गाडीने किती वारकरी वाहून नेले, याची आठवण त्या भागातील वृद्धांच्या बोलण्यात आजही येते.

कॅलथ्रॉपच्या विचारातील मुख्य सूत्र साधे होते. इंजिन असो, मालडबा असो वा प्रवासी डबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडता कामा नये. भार समान वाटला गेला म्हणजे हलके रूळ चालतात. रूळ हलके म्हणजे पूल हलके, भराव कमी, खर्च कमी. अरुंद मार्गावरही मोठे डबे व जड माल नेता येतो, हे बार्शीने दाखवून दिले. याच अनुभवाच्या बळावर मॅनिफोल्ड खोऱ्यातील प्रस्तावित रेल्वेचे काम त्याच्याकडे आले. (या गृहस्थाने पुढे विमानातून उडी घेण्याच्या हवाईछत्रीवर अनेक वर्षे खर्ची घातली. रेल्वेच्या इतिहासकारांनी त्याचा उल्लेख सहसा एका ओळीत उरकला आहे.)

लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे जून १९०४ मध्ये सुरू झाली. वॉटरहाउसेस ते हल्म एंड असा हा सुमारे १३ किलोमीटरचा मार्ग. रुंदी बार्शीचीच, अडीच फूट. लीड्स येथील किटसन कंपनीने बांधलेल्या दोन्ही इंजिनांना वसाहतीतील रेल्वेप्रमाणे भलामोठा पुढचा दिवा बसविला होता आणि पिवळसर रंगाच्या डब्यांना दोन्ही टोकांस उघडे सज्जे होते. स्टॅफर्डशरच्या धुकट खोऱ्यातून चालणारी ही गाडी दिसायला पूर्णतः हिंदुस्थानी होती. बार्शी रोडला प्रत्येक पोते एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत भरावे लागे. ती अडचण येथे टाळण्यासाठी कॅलथ्रॉपने खास वाहक डबे तयार करविले, ज्यांच्यावर मोठ्या रुळांचा अख्खा मालडबाच चढवून नेता येई. ब्रिटनमध्ये ही पद्धत प्रथम येथेच वापरली गेली.

रेल्वे उत्तम बांधली गेली, पण तिला वाहण्यासाठी पुरेसा माल नव्हता. खोरे विरळ वस्तीचे. गावे डोंगरमाथ्यावर आणि स्थानके नदीकाठी. एक्टन येथील दुग्धालयातून लंडनला जाणारे दूध हाच काय तो भरवशाचा व्यवसाय. हे दुग्धालय बंद होताच मार्गाचा आधार गेला आणि मार्च १९३४ मध्ये, अवघ्या तीस वर्षांत, गाड्या थांबल्या. तिची जननी म्हणावी अशी बार्शी लाईट मात्र त्यानंतरही सात दशके धावली.

बंद झाल्यावर काय झाले

येथपर्यंतची हकीकत शेकडो लहान रेल्वेंची आहे. मॅनिफोल्डचे वेगळेपण पुढे सुरू होते. मालक असलेल्या रेल्वे कंपनीने रूळ काढून घेतल्यावर संपूर्ण मार्गाची जमीन स्टॅफर्डशर परगणा परिषदेच्या स्वाधीन केली आणि परिषदेने जुलै १९३७ मध्ये तीवर पायवाट खुली केली. रेल्वेच्या जागी सार्वजनिक पायवाट करण्याचे ब्रिटनमधील हे आरंभीचे उदाहरण होय. रूळ उचलण्याच्या कामासाठी जे. बी. अर्ल हे शिल्लक राहिलेले इंजिनच वापरण्यात आले आणि काम संपल्यावर तेही मोडीत निघाले.

या व्यवहाराचे महत्त्व लक्षात येण्यासाठी १९६३ नंतरच्या घटनांकडे पाहावे लागते. त्या वर्षी डॉ. रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालाने सुमारे ५,००० मैलांचे मार्ग व २,३६३ स्थानके बंद करण्याची शिफारस केली. मार्ग झपाट्याने बंद झाले. पण रेल्वे बंद झाली म्हणजे तिच्या जमिनीवर जनतेला चालण्याचा हक्क आपोआप मिळतो, असे इंग्लंडच्या कायद्यात नाही. पुष्कळ ठिकाणी जमीन तुकड्या-तुकड्यांनी लगतच्या शेतकऱ्यांना, बांधकाम करणाऱ्यांना विकली गेली. एखादा पूल पाडला, एखाद्या खोदाईत कचरा भरला, एखाद्या भरावावर घरे उभी राहिली की पन्नास किलोमीटरचा सलग पट्टा निरुपयोगी होतो. शंभर वर्षांपूर्वी कायद्याच्या बळावर शेकडो मालकांकडून मिळवून जोडलेली ही अरुंद जमीन एकदा विखुरली की पुन्हा जोडणे जवळजवळ अशक्य असते. जेथे सार्वजनिक संस्थेने वेळीच सर्व जमीन घेतली, तेथेच वाटा टिकल्या. ॲशबर्न ते बक्स्टन मार्गाचा भाग पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या मंडळाने घेतला व १९७१ मध्ये ‘टिसिंग्टन ट्रेल’ म्हणून खुला केला. १९६८ मध्ये बंद झालेल्या मार्गावरील ‘मॉन्सल ट्रेल’ १९८१ मध्ये सुरू झाली, तरी तिच्यावरील मोठे बोगदे पादचाऱ्यांसाठी खुले व्हायला २०११ साल उजाडले. बोगद्याच्या छताची जबाबदारी कोण घेणार, या एका प्रश्नात तीस वर्षे गेली.

वाटेवरून चालताना

मॅनिफोल्डची वाट आज डांबरी असून पादचारी, सायकलस्वार व चाकाच्या खुर्चीतील व्यक्ती तिचा उपयोग करतात. रेल्वेला तीव्र चढ चालत नाही. त्यामुळे अवघड खोऱ्यातही ही वाट जवळजवळ सपाट राहते. चढ टाळण्यासाठी अभियंत्याने नदीशी केलेली लगट पावलोपावली जाणवते. वळणे मोठ्या त्रिज्येची, डोंगराच्या बाजूस खडक तासलेला, नदीच्या बाजूस भराव, आणि पुन्हा पुन्हा येणारे पूल.

चुनखडीच्या प्रदेशाचे एक वैशिष्ट्य येथे भूगोलाच्या अध्यापकाला विनासायास दाखविता येते. उन्हाळ्यात पाऊस कमी झाला की वेटन मिलच्या परिसरात मॅनिफोल्ड नदी पात्रातील विवरांतून जमिनीखाली जाते आणि कित्येक किलोमीटर खाली इलम येथे पुन्हा वर येते. मधले पात्र कोरडे, त्यात गवत व रुंद पानांच्या वनस्पती वाढलेल्या. वाटेच्या वर, उंच कड्यात, थॉर्स केव्ह या गुहेचे प्रचंड तोंड दिसते. तेथे प्रागैतिहासिक मानवी वावराचे पुरावे सापडले आहेत.

रेडहर्स्टपासून स्वेन्सलीच्या बोगद्यापर्यंत ही वाट मोटारींसाठीही खुली आहे, ही बाब नवख्याने ध्यानात ठेवावी. सुमारे १५० मीटर लांबीच्या त्या बोगद्यात समोरून मोटार आली तर बाजूला होण्यास फारशी जागा नाही. हा बोगदा भूरचनेमुळे आवश्यक होता असे दिसत नाही. शेजारच्या स्वेन्सली हॉल या हवेलीतून गाडी दिसू नये म्हणून तो काढला, असे सांगितले जाते. गमतीचा भाग असा की, त्या हवेलीत राहणारे सर थॉमस वॉर्डल हे स्वतः या रेल्वेचे पुरस्कर्ते होते. लीक गावचे हे रेशीम रंगविणारे उद्योजक हिंदुस्थानातील टसर रेशमाचे जाणकार म्हणून प्रसिद्ध होते व त्या कामासाठी १८८५-८६ मध्ये येथे येऊन गेले होते. इंग्लंडमधील एका आडवळणी खोऱ्यातील दीडशे मीटरच्या बोगद्यापाशी बार्शीचा कापूस आणि मध्य भारतातील टसर असे दोन धागे अनपेक्षितपणे एकत्र येतात.

एक्टनची टेकडी

बोगदा ओलांडला की एक्टन येते आणि रेल्वेचा इतिहास मागे पडून खाणींचा सुरू होतो. खरे तर कालक्रम उलटा आहे. रेल्वे आली त्याच्या दहा-बारा वर्षे आधीच एक्टनच्या तांब्याच्या खाणी बंद पडल्या होत्या. ज्या मालासाठी रेल्वे खरोखर हवी होती, तो शतकभर खेचरांच्या व घोड्यांच्या पाठीवरून गेला.

एक्टनचे तांबे फार पूर्वीपासून माहीत होते. टेकडीच्या माथ्याजवळ सापडलेल्या हाडांच्या व शिंगांच्या हत्यारांच्या कालमापनावरून कांस्ययुगात, इ.स.पू. १८०० च्या आसपास, येथे तांबे खणले जात होते हे सिद्ध झाले आहे. इंग्लंडमध्ये इतक्या प्राचीन तांब्याच्या खाणी मोजक्याच आहेत. सतराव्या शतकात येथे खडक फोडण्यासाठी बंदुकीची दारू वापरली गेली व ब्रिटनमधील खाणकामात तिचा हा पहिल्या उपयोगांपैकी एक होता, असे मानले जाते. खरी भरभराट झाली ती अठराव्या शतकात. १७६० मध्ये डेव्हनशरच्या ड्यूकने खाणकाम थेट स्वतःच्या व्यवस्थापनाखाली घेतले आणि पुढील अर्धशतकात तिने त्याला अफाट उत्पन्न दिले. बक्स्टन येथील ‘क्रेसेंट’ ही अर्धचंद्राकार भव्य इमारत याच नफ्यातून उभी राहिली, असे परंपरेने सांगतात.

एक्टनचे खनिज उभ्या नळासारख्या पोकळ्यांत साठलेले होते. त्यामुळे खाण पसरत न जाता खाली खाली जात राहिली. नदीच्या पातळीखाली सुमारे ३०० मीटरपर्यंत ती पोहोचली आणि आपल्या काळातील सर्वांत खोल खाणींमध्ये गणली जाऊ लागली. आत होड्यांनी माल नेण्यासाठी भूमिगत कालवा होता. पाणी उपसण्यासाठी जलचक्र होते. १७८८ मध्ये माल वर ओढण्यासाठी बोल्टन आणि वॅट यांचे वाफेचे इंजिन टेकडीवर बसविले गेले. त्याचे यंत्रघर अजून उभे आहे. शेताच्या गोठ्यासारखी दिसणारी ही साधी दगडी इमारत नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे. माल ओढणाऱ्या इंजिनाची इतकी जुनी इमारत अन्यत्र क्वचितच शिल्लक असेल.

१७६९ मध्ये एका इंग्रजी मासिकात या खाणीचे वर्णन प्रसिद्ध झाले होते. त्यातील कामाची वाटणी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. खडक फोडणारे पुरुष सहा-सहा तासांच्या पाळीने काम करीत व त्यांना तासाला दोन पेन्स मिळत. फोडलेला माल मुले ढकलगाड्यांतून नेत. बाहेर आल्यावर स्त्रिया हातोड्याने तो बारीक करीत आणि लहान मुली त्यातील खनिज निवडून वेगळे करीत. टेकडीच्या उतारावरील दगडांच्या ढिगांकडे पाहताना ते हातांनी फोडलेले व निवडलेले दगड आहेत, ही गोष्ट पर्यटकांच्या माहितीपत्रकांत अभावानेच येते. भग्न यंत्रघराचे छायाचित्र सुंदर येते खरे. पण उद्योगाच्या अवशेषांकडे केवळ रमणीय भग्नावशेष म्हणून पाहण्याची सवय लागली की प्रथम मजूरच दृष्टीआड होतो.

उपसा थांबला तशी खाण भरली. नदीच्या पातळीखालील सर्व कामे आज पाण्याखाली आहेत. जे कोरडे आहे, ते टेकडीच्या पोटातील वरचे आडवे बोगदे. तेथेही कोणी मनाला येईल तेव्हा शिरू शकत नाही. परिसर संरक्षित स्मारक आहे, भूशास्त्रीय महत्त्वामुळेही त्याला संरक्षण आहे, आणि विद्यार्थ्यांच्या गटांना एक शैक्षणिक न्यास जाणकारांसमवेत आत नेतो.

धोका कोठे असतो

पदभ्रमण करणाऱ्याने खाण बाहेरून पाहावी, हा नियम भित्रेपणाचा नाही. जुन्या खाणीतील धोका दिसत नाही, हेच त्याचे स्वरूप आहे. वारा खेळत नसलेल्या बोगद्यात लाकूड कुजून व खनिजांचे ऑक्सिडीकरण होऊन प्राणवायू कमी होत जातो. माणसाला गुदमरल्याची जाणीव होण्यापूर्वीच त्याचे भान जाते. पायाखालची जमीन कधी खरी जमीन नसते. वरचे खनिज काढताना टेकू म्हणून घातलेल्या फळ्यांवर दगडमातीचा थर साचलेला असतो. दोनशे वर्षांच्या कुजलेल्या फळ्या व त्याखाली तीस मीटरची पोकळी, अशी ती रचना होय. उभ्या विहिरींची तोंडे पूर्वी नुसती लाकडाने झाकून वर माती टाकीत. अशी तोंडे पावसाळ्यानंतर एकाएकी खचतात. म्हणून शेतात रांगेने दिसणाऱ्या खळग्यांच्या मध्यभागी जाऊ नये. नंतरच्या काळात ती काँक्रीटने किंवा लोखंडी जाळीने बंद करण्यात आली. जाळीच्या गजांमधील आडव्या फटी वटवाघळांसाठी मुद्दाम ठेवलेल्या असतात. ब्रिटनमध्ये वटवाघळांना १९८१ च्या कायद्याने संरक्षण आहे आणि त्यांच्या निवाऱ्याला बाधा आणणे हा गुन्हा आहे.

टाकाऊ ढिगांवरील वनस्पतींकडे वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांचे लक्ष जाईल. शिसे, जस्त व तांबे यांच्या अंशामुळे तेथे सामान्य गवत वाढत नाही. धातू सहन करणाऱ्या मोजक्या जाती, विशेषतः पांढऱ्या फुलांची स्प्रिंग सँडवर्ट, तेथे तग धरतात. फुलांचे असे ठिपके दिसले की खाली जुना ढीग आहे, असे ओळखता येते. तेथील माती हाताळून तशीच शिदोरी खाऊ नये, एवढे पथ्य पुरे.

महाराष्ट्राच्या संदर्भात

बार्शी लाईट एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकभरात टप्प्याटप्प्याने मोठ्या रुळांवर आली. उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, शहर रेल्वेने जोडले जावे म्हणून मार्ग वळविण्यात आला आणि जुन्या मार्गाचा काही भाग वापराविना राहिला. लोकांची सोय वाढली, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र जगातील अरुंदमापी रेल्वेच्या इतिहासात ज्या मार्गाला आद्य प्रयोगाचे स्थान आहे, त्याचे भराव, मोऱ्या व स्थानकांच्या इमारती यांची सलग पाहणी व नोंद रूळ उचलण्यापूर्वी व्हायला हवी होती. मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणाऱ्या ‘शकुंतला’ या कापसाच्या रेल्वेच्या गाड्याही गेल्या दशकात थांबल्या. तिच्या जमिनीविषयी निर्णय करताना मॅनिफोल्डचा १९३७ चा आणि बीचिंगनंतरचा, असे दोन्ही अनुभव समोर ठेवणे उपयुक्त ठरेल.

बोरघाटाचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर २५ बोगदे होते आणि गाडीची दिशा उलटविण्यासाठी खंडाळ्याजवळ प्रसिद्ध ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होते. विद्युतीकरणाच्या सुमारास, १९२९ च्या आसपास, नवीन बोगद्यांमुळे ते निकामी झाले. त्याच परिसरातील १८३० चा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. शेजारून जाणारा लोहमार्ग चालू असल्याने येथे मुक्तपणे हिंडता येत नाही. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ नुसार रुळांच्या हद्दीत विनापरवाना शिरणे दंडनीय आहे, आणि विद्यार्थ्यांची सहल नेणाऱ्या महाविद्यालयाने लेखी अनुमती घेतल्याशिवाय तिकडे वळू नये. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींची जात निराळी. २०१२ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये तेथील काम न्यायालयीन आदेशाने थांबले तेव्हा मागे बोगदे राहिले नाहीत, तर पाण्याने भरलेले उघडे प्रचंड खड्डे राहिले. त्यांच्या सुट्या मातीच्या कडा काठावर उभे राहण्यासही योग्य नसतात.

बार्शी–येडशी परिसरातील महाविद्यालयांना मात्र काम हाताशी आहे. इतिहास विभागाने निवृत्त रेल्वे कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, भूगोल विभागाने भूमी अभिलेख कार्यालयातील जुन्या मोजणी नकाशांवरून वापराविना पडलेल्या भरावाची आखणी करावी, आणि वनस्पतिशास्त्र विभागाने त्या खडीवर काय उगवले आहे त्याची सूची करावी. मोजपट्टी, कॅमेरा आणि हिवाळ्यातील चार रविवार एवढ्या साधनांवर पहिल्या दहा किलोमीटरची नोंद पूर्ण होऊ शकते.